ठिबक चार तास चालतं, तरी दुपारी ऊस वळतो: रेताड रानातलं पाणी जातं कुठं?

मार्च उजाडला की मला एकाच चालीचे फोन यायला लागतात. "दादा, ठिबकात कायतरी घोळ हाय. परवाच पाणी दिलंय आणि आज ऊस वळाय लागला." मी ठिबकाची फिटिंग करतो, म्हणून लोकांना वाटतं दोष पाईपातच असणार. सुरुवातीची काही वर्षं मलाही तसंच वाटायचं. कोल्हापूरजवळ करवीर तालुक्यातल्या एका रानात मी चांगल्या नळ्या काढून नव्या टाकायला लावल्या आणि ऊस पुन्हा तसाच वळला. त्या पैशांची लाज अजून वाटते. तेव्हापासून आधी रान उकरतो, मग नळीला हात लावतो.

हे लिहितोय ते नदीकाठच्या रेताड किंवा वाळूसर पट्ट्यासाठी. प्रयाग चिखलीपासून नरसोबाच्या वाडीपर्यंत पंचगंगा जिथं जिथं वळते, तिथं आतल्या अंगाला वाळू टाकते आणि बाहेरचं अंग खात जाते. नदीनं पात्र बदललं की ती वाळू रानात राहते, वर गाळ बसतो, आपण नांगरून सगळं एक करतो आणि विसरून जातो. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांनी काही रानांत नवी वाळू आणून टाकली, ती वेगळीच. सातबारावर एकच गट असला तरी खाली दोन-तीन जातीची जमीन असते.

लक्षणं अशी. पाणी दिल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुपारी पानं सुरळीसारखी वळतात आणि सकाळी परत उघडतात. चार तास ठिबक चालवूनही वर पाणी साचत नाही, ड्रिपरखाली (नळीवरच्या थेंब सोडणाऱ्या तोंडाखाली) फक्त ताटलीएवढा ओला गोल दिसतो. युरिया सोडला की आठवडाभर हिरवं, मग खालची जुनी पानं पिवळी. पावसाळ्यात चार दिवस उघडीप पडली की तोच तुकडा सगळ्यात आधी मान टाकतो. आणि एक लक्षण स्वतःच्या रानात दिसतच नाही, ते खालच्या शेजाऱ्याच्या रानात दिसतं: त्याच्या वरच्या बांधाला बारमाही ओल आणि लव्हाळा.

यातली दोन-तीन लक्षणं जुळली तर पुढच्या गोष्टी याच क्रमानं करा. पहिल्या तीनला एक रुपयाही लागत नाही.

बांधावर उभं राहून आकार बघा

दुपारी दोनच्या सुमाराला बांधावर उभं राहा. जिथं ऊस वळलाय तिथं काठ्या रोवा. उंच ऊस असेल तर लोखंडी शिडी लावा किंवा ट्रॉलीवर चढा. मग काठ्यांचा आकार बघा. एकाच सरीत सुरुवातीपासून शेवटपर्यंत वळला असेल तर ती नळी चोंदलीय. सगळ्या सऱ्यांची शेवटची टोकं वळली असतील तर दाब पुरत नाही. पण सऱ्या तिरक्या कापत, नागमोडी पट्टा गेला असेल तर तो जमिनीचा दोष आहे, कारण पाईप सरळ असतो आणि नदी वाकडी. या एका नजरेनं निम्मं काम होतं. लोक हे करत नाहीत, कारण एप्रिलच्या उन्हात बांधावर कुणाला उभं राहायचंय!

ड्रिपरचं पाणी मोजा

आकार नागमोडी दिसला तरी हे टाळू नका, नाहीतर पुढचा सगळा हिशोब चुकतो. ड्रिपर तासाला ४ लिटरचा असेल तर दोन मिनिटांत साधारण १३३ मिली पाणी पडायला पाहिजे. ड्रिपरखाली थोडी माती काढून वाटी बसवा आणि खुणा असलेल्या मापानं मोजा. जवळचा, मधला आणि लांबचा अशा निदान नऊ-दहा ड्रिपरांचं माप वहीत लिहा. दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक आला तर आधी फिल्टरची जाळी धुवा, सबमेनचा, म्हणजे नळ्यांना पाणी देणाऱ्या जाड पाईपाचा, धुण्याचा (फ्लश) व्हॉल्व्ह उघडा, मग एकेका नळीचं टोक सोडून पाणी स्वच्छ येईपर्यंत वाहू द्या. बऱ्याच ठिकाणी गोष्ट इथंच संपते. क्षार बसलेत म्हणून आम्लाची प्रक्रिया करायची असेल तर आम्ल पाण्यात ओतायचं, आम्लात पाणी कधीच नाही. आधी केली नसेल तर जाणत्याला शेजारी उभं करा.

ओल कांद्यासारखी की गाजरासारखी

माझ्या मते सगळ्यात कामाची तपासणी हीच. ठिबक बंद केल्यावर तीन-चार तासांनी वळलेल्या तुकड्यात एका ड्रिपरच्या अगदी कडेला फावड्यानं उभा काप घ्या. गुडघाभर खोल, दोन फूट रुंद. भिंत खुरप्यानं साफ करा आणि ओल्या-कोरड्याची सीमा खुरप्याच्या टोकानं आखा. मग हेच चांगल्या तुकड्यात करा.

काळ्या रानात ती रेघ कांद्यासारखी फुगीर येते. पाणी जेवढं खाली, जवळजवळ तेवढंच बाजूला. रेताड तुकड्यात गाजर दिसतं: वर वीतभर-दीड वीत रुंद आणि खाली शेपूट सुटलेलं. गुडघाभर काप संपला तरी गाजराचं टोक सापडत नाही, ते खालीच जात असतं. दोन ड्रिपरच्या मधली माती मात्र बोटांतून भुरभुर सुटते. मागच्या वर्षी शिरोळ तालुक्यात एका रानात उसाचा बुडखा ड्रिपरपासून हातभर लांब होता. त्याची पांढरी मुळं गाजराच्या कडेपर्यंत येऊन थांबलेली दिसत होती, मधे चार बोटं कोरडी वाळू. मालकानं खाली बसून ती वाळू मुठीत घेतली आणि एवढंच म्हणाला, "म्हंजे मी पाणी शेजाऱ्याला पाजतोय."

असं का होतं? जोंधळ्याच्या पोत्यात तांब्याभर पाणी ओता, सरळ तळाला जातं. पिठाच्या पोत्यात ओता, जागेवर गोळा होतो. वाळूचे कण जोंधळ्यासारखे, मधल्या फटी मोठ्या. मोठ्या फटीत पाण्याला बाजूला ओढणारी ताकद कमी पडते आणि वजनानं ते खाली जातं. चिकणमातीच्या बारीक फटी मात्र कंदिलाच्या वातीसारख्या पाणी चहूकडे ओढतात. म्हणून "जास्त वेळ सोडलं की पसरेल" हा समज रेताड रानात खोटा ठरतो. जास्त वेळ सोडलं की गाजर लांब होतं, जाड होत नाही.

उकरताना वरची माती कोरडी-ठाक असेल तर तिच्यावर पाण्याचा एक थेंब सोडा. पाच सेकंदांत मुरला तर ठीक. मण्यासारखा तसाच बसून राहिला तर कणांवर सेंद्रिय पदार्थाचा मेणचट थर बसलाय आणि माती पाणीच झटकतेय. मग पाणी सगळीकडून न मुरता दोन-चार वाटांनी खाली धावतं. पाचट (उसाचा वाळलेला पाला) जाळलेल्या जागी हे मी जास्त पाहिलंय. अशा जागी माती पूर्ण वाळू न देणं हाच सोपा उपाय.

बाटली आणि पाईपाचा तुकडा

आता जमीन किती रेताड आहे ते बघू. पारदर्शक बाटलीत एक तृतीयांश चाळलेली माती आणि वर पाणी घाला, खळाखळा हलवा आणि ठेवून द्या. पहिल्या मिनिटात जी खाली बसली ती वाळू, तिथं पेनानं रेघ मारा. दोन तासांत तिच्यावर बसतो तो पोयटा, म्हणजे वाळूहून बारीक गाळ. चिकणमाती एक दिवस घेते, कधी त्याहूनही जास्त. बसलेल्या मातीत वाळू तीन चतुर्थांशाच्या आसपास असेल तर तुमचा तुकडा या लेखातला आहे.

दुसरं, सहा इंची पीव्हीसी पाईपाचा फूटभर तुकडा जमिनीत चार बोटं ठोका. एकदा भरून मुरू द्या, मग पुन्हा भरा आणि तासाला पाणी किती उतरतं ते पट्टीनं मोजा. ३० मिमीच्या वर गेलं तर वाळू समजा. भारी काळ्या रानात हाच आकडा १ ते ५ मिमी असतो. मात्र काळं रान भेगाळलेलं असेल तर पाणी भेगेतून जाईल आणि माप फसवेल.

आता वेळापत्रक

इथं थोडं गणित आहे. कंटाळा करू नका, पैसे इथंच वाचतात.

पिकाला घेता येईल असं पाणी वाळूसर जमीन एक मीटर खोलीत ६० ते ८० मिमी धरते, चांगली काळी जमीन १८० च्या आसपास. म्हणजे वरच्या फूटभरात रेताड रानाची घागर सुमारे २० मिमीची. निम्मी घागर रिकामी झाली की ऊस ओढ घ्यायला लागतो. म्हणजे हाताशी १० मिमी.

पाच फुटी सरी, ४० सेंमीवर ४ लिटरचा ड्रिपर, एकरात साधारण पावणेसात हजार ड्रिपर. एका तासाला जवळजवळ २७ हजार लिटर. एकरावर १ मिमी म्हणजे ४ हजार लिटर धरा, तर तासाला पावणेसात मिमी झाले. पण हे पाणी सगळ्या रानावर पडत नाही, गाजरांच्या पट्ट्यात पडतं. तो पट्टा रुंदीच्या एक तृतीयांश. म्हणजे त्या पट्ट्यात तासाला २० मिमी. निम्मी रिकामी घागर अर्ध्या तासात भरली! पुढचे साडेतीन तास मोटर कुणासाठी चालली?

हे मालकांना पटत नाही, कारण कागदावर त्यांचा हिशोब बरोबर असतो. उन्हाळ्यात उसाला दिवसाला ५ ते ६ मिमी लागतात, चार दिवसांचे २२, आणि चार तासांत २७ दिले. बेरीज बरोबर, पण घागर तेवढी मोठी नाही. काळ्या रानात हेच वेळापत्रक छान चालतं, म्हणून शेजाऱ्याचं बघून वेळ लावू नका.

उपाय: रोज सकाळी २५ मिनिटं आणि दुपारी २५ मिनिटं. लाईट आठ तास असली तरी चार व्हॉल्व्हचे, म्हणजे रानाच्या चार भागांचे, दोन फेरे दोनशे मिनिटांत बसतात. पाणी तेवढंच लागतं, बहुतेक वेळा कमीच. तुकडे केले म्हणून ओल फार रुंद होते असं समजू नका. ते पाणी मुळांच्या टप्प्यात राहतं, एवढाच फायदा, पण तोच मोठा आहे. रुंदी पाहिजे असेल तर ड्रिपर जवळ हवेत, ३० सेंमीवर, किंवा त्या पट्ट्यापुरती सरीला दुसरी नळी. मोठा ड्रिपर घेऊ नका. आणि रेताड पट्टा मोठा असेल तर त्याला स्वतंत्र व्हॉल्व्ह द्या. एकाच व्हॉल्व्हवर काळं आणि रेताड दोन्ही ठेवलं तर एकाला न्याय देताना दुसऱ्यावर अन्याय होतोच.

वेळ बदलल्यावर आठ दिवसांनी पुन्हा एक काप घ्या. फूटभरावर माती मुठीत दाबली तर हलकासा गोळा व्हावा आणि अंगठ्यानं फुटावा. हा वाफसा. दोन फुटांवर ती चिंब लागली तर वेळ अजून पाच मिनिटं कमी करा.

खताचंही याच हिशोबात येतं. युरिया पाण्यासोबत वाहतो आणि जमिनीत त्याचं नायट्रेट झालं की तेही तसंच वाहतं. वाळू त्याला धरून ठेवत नाही. म्हणून महिन्याचा हप्ता एकदम न देता आठवड्याचा करा, जमलं तर त्याचेही दोन भाग. व्हेंचुरीतून (पाण्यात खत ओढून घेणाऱ्या जोडातून) सोडताना आधी नुसतं पाणी, मग खत आणि शेवटी नळ्या धुण्यापुरतंच पाणी. काळ्या रानातल्या सवयीनं नंतर तासभर पाणी चालवलंत तर खत मुळांच्या खाली ढकलून दिलंत.

पाटपाणी असेल तर? रेताड तुकड्यात पाटपाण्याचा ऊस घेणं मला मान्य नाही, पण उपसा योजनेची पाळी आठ-दहा दिवसांनी येते आणि पर्याय नसतो. मग सरी आखूड करा. तीनशे फुटी सरीत पाणी शेवटी पोचेपर्यंत तोंडाकडची वाळू तासन् तास पीत बसते. शंभर फुटांचे तुकडे पाडा, मधे आडवा पाट घाला आणि पाणी एका वेळी कमी सऱ्यांत पण जोरात सोडा. पाळीच्या मधल्या दिवसांत पाचटाचं आच्छादन फार उपयोगी पडतं.

घागर मोठी करणं

हे वर्षांचं काम आहे. शेणखत, प्रेसमड (साखर कारखान्यातली मळी), तागाची गाडणी आणि खोडव्याचं पाचट न जाळता सरीत कुजवणं, यानं वाळूत स्पंजासारखा पदार्थ वाढतो. आपल्या उन्हात तो जळूनही लवकर जातो, म्हणून एकदा दोन ट्रॉल्या टाकून भागत नाही.

तळ्याचा गाळ किंवा काळी माती टाकायची कल्पना चांगली, पण आधी मोजा. दोन इंची थराला गुंठ्याला पावणेदोन ब्रासच्या वर माती लागते, एकराला सत्तरच्या पुढे. म्हणून फक्त काठ्यांनी आखलेल्या पट्ट्यापुरतं करा. आणि टाकलेली माती खालच्या वाळूत मिसळायलाच हवी. नुसती वर पसरली तर वेगळंच दुखणं येतं. बारीक माती वर आणि जाड वाळू खाली असेल तर पाणी सीमेवर अडतं. ऐकायला उलटं वाटतं, पण बारीक फटी पाणी घट्ट धरतात आणि वरचा थर चिंब झाल्याशिवाय खालच्या मोठ्या फटीत सोडत नाहीत. मग वर चिखल, खाली कोरडी वाळू, आणि मुळं वरच्या थरात कोंडलेली. पुराच्या वाळूवर गाळ बसलेल्या रानांत मी हेच पाहतो. तिथं ऊस पिवळा दिसतो, मालक पाणी वाढवतो आणि ऊस अजून पिवळा पडतो.

इथं थांबा

वाळूत कंबरेच्या खाली खड्डा घेऊ नका. वाळूची भिंत सूचना न देता ढासळते. त्याहून खोल बघायचं तर गिरमिटानं माती काढा.

गिरमिटाला तीन-चार फुटांवर चिकण थर किंवा उभं पाणी लागलं तर पुढचं काम तुमचं नाही आणि माझंही नाही. वर पांढरी खार दिसत असेल तर नक्कीच नाही. रेताड थरातून उतरलेलं पाणी त्या चिकण थरावरून सरकत सखल रानात वर येतं आणि क्षार सोडून जातं. शिरोळ तालुक्यात क्षारपड काय करते ते सांगायला नको. तिथं जमिनीखाली सच्छिद्र पाईप टाकून निचरा काढावा लागतो. त्याला लेव्हल, उतार, नाल्यापर्यंतची वाट आणि बहुतेक वेळा शेजाऱ्यांची सहमती लागते. जेसीबीवाल्याच्या अंदाजानं चर मारू नका. आधी फूट-फूट खोलीचे वेगवेगळे नमुने घेऊन माती परीक्षण करा, मग कृषी महाविद्यालय किंवा कृषी विज्ञान केंद्रातल्या मृदा विषयाच्या माणसाला रानात आणा. कोल्हापुरातल्या ऊस व गूळ संशोधन केंद्रातही विचारता येतं.

वेळापत्रक बदलून, ड्रिपर तपासून तीन आठवडे झाले आणि ऊस तरीही वळतोय, तर मुळं उकरून बघा. खाल्लेली दिसली तर हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी आहे, पाण्याशी त्याचा संबंध नाही. आणि मोटरचा दाबच चढ-उतार करत असेल तर पेटी उघडू नका, वायरमन बोलवा. ओल्या पायांनी स्टार्टरला हात लावणारे मी रोज बघतो.

आमच्या स्वतःच्या रानात बारा गुंठ्यांचा असा पट्टा आहे. उसाची जात को ८६०३२ आहे, तीन वर्षं रोज दोनदा पाणी, पाचट सगळं जागेवर. आता एप्रिलमध्ये तो बाकीच्या रानाबरोबर उभा असतो. नदीकडचा दीड गुंठ्याचा कोपरा मात्र मे महिन्यात दुपारी अजूनही वळतो. तिथं गिरमिट सहा फूट गेलं तरी वाळूच निघाली. त्या कोपऱ्यात आता हत्तीघास लावलाय, म्हशी खूश आहेत.